जिवंत मामाचं सुतक

गेल्या गुरुवारी फिक्रीमामांच्या दुखवट्याला जेवढी माणसं लोटली, तेवढी शुब्रा मोहल्ल्यातल्या त्यांच्या गल्लीत कुणाच्या लग्नालाही कधी आली नव्हती. खुर्च्या कमी पडल्या, कॉफी पुरली, आणि भाजीवाल्या उम्म रिझ्कने असा टाहो फोडला की गच्चीवरची कबुतरं उठून शेजारच्या मोहल्ल्यात राहायला गेली. एकूण कार्यक्रम यशस्वी.

असं काहीही घडलेलं नाही. फिक्रीमामा धडधाकट आहेत. त्याच संध्याकाळी त्यांनी भात भरलेलं कबूतर हाडांसकट खाल्लं आणि दुसरं आहे का विचारलं. तेव्हा दुखवट्याचा विषय इथेच मिटला. आपण त्यांच्या भाच्याच्या, उस्ता हमदीच्या डोळ्यांपासून सुरुवात करू.

हमदीचे डोळे कोरडे होते. जन्मापासून. उस्ता म्हणजे कारागीर; फ्रिज दुरुस्त करणारा हा माणूस दिवसभर दुसऱ्यांचा बर्फ वितळवायचा, पण स्वतः कधी थेंबभर पाझरला नाही. याचा त्याला अभिमानच होता. अडचण एवढीच, की त्याचे होणारे सासरे हाजी मुनीर म्हणजे डोळ्यांत नळ बसवलेला माणूस. टीव्हीवर जुना सिनेमा लागला की नुसती नटनट्यांची नावं येतानाच त्यांचा रुमाल बाहेर यायचा. "यांतले निम्मे आता राहिले नाहीत रे!" म्हणून हुंदका. उरलेल्या निम्म्यांसाठी आगाऊ हुंदका.

हमदी आणि हाजींची मुलगी नाहिद यांचं लग्न आजवर तीनदा पुढे गेलं होतं. आधी तिची आजी गेली. मग तांता गावचे काका गेले. मग समोरच्या दारातला शेजारी गेला. त्याच्याशी हाजींचा पंधरा वर्षं अबोला होता, म्हणून त्याचं सुतक तर त्यांनी सख्ख्या भावापेक्षा कडक पाळलं. दाराशी मयत झाली की चाळिसावा दिवस उलटेपर्यंत ढोल वाजत नाही, आणि ढोल वाजल्याशिवाय नवरी उठत नाही. आता कुठे पुढच्या गुरुवारचा दिवस ठरला होता. लग्नासाठी घेतलेल्या सोफ्यावरचं प्लास्टिकही अजून काढलं नव्हतं.

आणि तेवढ्यात माशी शिंकली.

"बाबा म्हणतात, आजीच्या मयतीत तू जांभई दिलीस," नाहिद म्हणाली.

"उकडत होतं!"

"उकडलं की घाम येतो. जांभई नाही येत."

"मग काय म्हणणं आहे त्यांचं?"

"दगडाच्या गळ्यात पोरगी बांधणार नाही, म्हणतात. लग्नाआधी तुझ्या डोळ्यांत एकदा पाणी दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर लग्न मोडलं."

हमदी उसळला. "चार वर्षं मी यांच्या घरचा फ्रिज फुकट दुरुस्त करतोय! तेव्हा नाही आठवला दगड? रडायचंच ना? एवढं रडून दाखवतो, की हाजींना पोहत घरी जावं लागेल!"

बेत साधा होता. लग्नाच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी गल्लीत पडदा लावायचा आणि 'दिवा विझू देऊ नका' दाखवायचा. या सिनेमात सुहैर नावाची गरीब मुलगी प्रियकराच्या आईसाठी प्रियकरावर पाणी सोडते आणि मग उरलेला सिनेमा खोकत राहते. गल्लीत तो अजून कुणी पाहिला नव्हता, पण जिथे लागला तिथे कोरडं राहिलेलं माणूस सापडलं नाही, म्हणत. हमदीसाठी रुमालात अर्धा कांदा.

उजेड अडवायला मांडव हवा होता. हमदी झकी मांडववाल्याकडे गेला.

"लग्नाचं सामान सगळं बाहेर गेलंय," झकी म्हणाला. "मयतीचं आहे."

"मयतीचं मला काय करायचंय?"

"अरे कापड तेच, नक्षी तीच, सोनेरी खुर्च्या त्याच. रंगीत दिव्यांच्या जागी पांढरे दिवे. डोळे मिटून बस, फरक कळणार नाही!"

"बरं. पण कॉफीत साखर घाल म्हणजे झालं."

झकी दुखावला. "उस्ता, मी तुझ्या फ्रिजमध्ये बोट घालतो का? माझा कॉफीवाला वडिलांच्या वेळचा आहे. मयतीच्या सामानाबरोबर तो कडूच कॉफी करतो. साखर बघितली की त्याचा हात थरथरतो. आणि ऐक, कापड, खुर्च्या, कॉफी, पठणाचे शेखसाहेब, सगळं एकत्र आहे. सुटं देत नाही."

"शेखसाहेब कशाला? सिनेमा आहे!"

"सुटं देत नाही म्हणालो ना!"

तर गुरुवारी दिवेलागणीला मांडव उभा राहिला. गल्लीतली मंडळी भाजलेल्या बियांच्या पुड्या घेऊन आत बसली आणि पडद्यावर सुहैर पहिल्यांदा खोकली. त्यासरशी अख्खा मांडव "हाय रे पोरी!" म्हणून कळवळला. पाहुण्यांच्या स्वागताला हमदी मांडवाच्या तोंडाशी उभा होता. अंगात काळा सूट. हा त्याने लग्नासाठी शिवला होता, पण आजवर तीन मयतींनाच वापरला होता. हाजी वाहतुकीत अडकले होते. कांदा चालतो की नाही बघावं, म्हणून त्याने रुमाल एकदा डोळ्यांना लावला.

कांदा चालत होता. फारच चालत होता.

आता तुम्हीच सांगा. रस्त्यावरून माणूस चाललाय. त्याला मयतीचा मांडव दिसतो, आतून बायकांच्या रडण्याचा आवाज येतो, कडू कॉफीचा वास येतो आणि दाराशी काळ्या सुटात लालभडक डोळ्यांचा एक जण उभा. शुब्रातला सभ्य माणूस तसाच पुढे जाईल का? पहिला आला, त्याने हमदीचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "गेलेल्याचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो!"

"अहो, कोणी गेलेलं नाही!"

"असंच वाटतं, भाऊ," तो गृहस्थ गहिवरून म्हणाला. "पहिल्या दिवशी असंच वाटतं." आणि आत जाऊन बसला.

दुसरा आला. त्याला हमदीने ओरडून सांगितलं, "सिनेमा आहे! सिनेमा!"

दुसरा तिसऱ्याला हळूच म्हणाला, "डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या. फार जीव असणार."

मग ओळच लागली. न्हावी दुकान अर्धवट टाकून आला, त्याच्या मागून अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक आलं. मायक्रोबसवाल्याने गाडी रस्त्यात उभी केली आणि सगळ्या प्रवाशांना "चला, पाच मिनिटं सांत्वन करून येऊ" म्हणून खाली उतरवलं. प्रवासीही उतरले! एकानेसुद्धा कुरकुर केली नाही. हमदीला याचाच जास्त संताप आला. एरवी हीच माणसं सुट्ट्या पैशांवरून गळे धरतात!

आत न्हाव्याने उम्म रिझ्कला विचारलं, "कोण गेलं?"

"अजून गेली नाही हो!" उम्म रिझ्क पडद्यावरची नजर न हलवता रडत म्हणाली. "पण जाणार! खोकताना रक्त पडतंय, आणि तो मेला डॉक्टर दुसऱ्या गावाला!"

न्हावी गोंधळला. जायच्या आधीच दुखवटा करणारं घर त्याने पाहिलं नव्हतं. त्याने हमदीच्या घरातली माणसं नजरेने शोधायला सुरुवात केली. सगळी होती, फक्त फिक्रीमामा नव्हते. मामांना सिनेमा आवडत नसे, ते वर झोपले होते. पण हे न्हाव्याला कोण सांगणार?

"फिक्रीमामा!" न्हावी म्हणाला आणि कपाळावर हात मारला. बातमी रांगेरांगेने पुढे सरकली आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मामांना झोपेतच, हसऱ्या चेहऱ्याने मरण आलेलं होतं.

एवढ्यात शेखसाहेब आले, उंच खुर्चीवर बसले आणि त्यांनी पठण सुरू केलं. मांडव चिडीचूप झाला. हमदीनेही मुकाट्याने सिनेमाचा आवाज बंद केला. तिथे दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. मागे पडद्यावर सुहैर बिनआवाजाची खोकत राहिली.

आणि त्या शांततेने फिक्रीमामांना जाग आली. ते लेंग्यावरच खाली उतरले. परक्या मोहल्ल्यातल्या एका भल्या माणसाने त्यांना शेजारची खुर्ची दिली, हातात कॉफी दिली.

पठण संपल्यावर मामांनी विचारलं, "कोण गेलं हो?"

"कोणी फिक्री म्हणून होते. देवमाणूस, म्हणतात!"

मामांनी कॉफी बाजूला ठेवली. तेवढ्यात पलीकडून न्हावी म्हणाला, "असा दिलदार माणूस होणे नाही!" दुसरा म्हणाला, "आणि काय रुबाब! काय मिशी!" मामांनी हळूच डोक्यावरची टोपी भुवयांपर्यंत ओढली, मिशी रुमालाने झाकली आणि ऐकत बसले.

हमदी धावत आला. "मामा! उठा! उभं राहून सांगा सगळ्यांना, जिवंत आहे म्हणून!"

"गप बस!" मामा दबक्या आवाजात गुरकावले. "तो माझ्या दिलदारपणाबद्दल सांगतोय. मलाही ठाऊक नव्हतं!"

"मामा, हाजी येतील! माझं लग्न आहे!"

"तुझं लग्न काय, पुन्हा ठरेल. माझ्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं पुन्हा भेटतील का?"

आणि हाजी आले. त्यांनी मांडव पाहिला, कॉफीचा वास घेतला, मामांची बातमी दाराशीच ऐकली. मग कांद्याने सुजलेला हमदी पाहिला आणि त्याला कडकडून मिठी मारली.

"पोरा! रडलास! अखेर रडलास! मी तुला दगड म्हणालो, माझी जीभ झडो! नाहिद तुझीच!"

हमदीला वाटलं, जिंकलो. पण गप्प राहून भागणार नव्हतं, कारण पुढचं वाक्य हाजींनी लगेच उच्चारलं. "आता चाळिसावा होऊ दे, मग लग्नाचं बघू."

"चाळिसावा? कुणाचा? हे बघा!" हमदीने मामांच्या डोक्यावरची टोपी उडवली आणि दंडाला धरून त्यांना उभं केलं. "हे बघा मामा! मिशीसकट!"

हाजींनी मामांचे गाल चाचपले, कपाळाचं चुंबन घेतलं आणि आनंदाने ढसाढसा रडले. एक रुमाल भिजला, तेव्हा दुसरा काढला.

"म्हणजे पुढच्या गुरुवारी लग्न!" हमदी म्हणाला.

"अरे, अर्धं शुब्रा इथे कडू कॉफी पिऊन गेलं. पुढच्या गुरुवारी त्याच जागी ढोल वाजवायचा? लोक म्हणतील, मामाची माती वाळली नाही, आणि हा घोड्यावर!"

"माती कसली? मामा इथे उभे आहेत!"

"ते तुला दिसतायत, मला दिसतायत. त्या मायक्रोबसमधल्यांना घरोघर जाऊन दाखवणार आहेस? आणि दाखवलेस, तर म्हणतील आमच्या अश्रूंची थट्टा केली! झालेलं सांत्वन परत करता येत नसतं, पोरा."

"मामा, तुम्ही तरी बोला!"

मामा मिशी कुरवाळत गंभीरपणे म्हणाले, "हाजींचं बरोबर आहे. घरातली मयत आहे, हलक्यात घेऊन चालणार नाही. शिवाय चाळिसाव्याला माझ्या तरुणपणाबद्दल बोलायला एक जण हेल्वानहून येतोय."

तेव्हा हमदी रडला. कांदा कधीच खाली पडला होता. सामान आवरणाऱ्या झकीच्या बुटाखाली तो चिरडला, तरी हमदी रडतच राहिला. तोंड वासून, नाक गाळत, लहान पोरासारखा.

"बघा, बघा!" हाजी उरलेल्या मंडळींना सांगत सुटले. "मामा जिवंत आहे, तरी एवढा रडतोय! मेल्यावर काय करेल!"

नाहिदने त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला. "पुरे आता. आधी सांग, शेवटी सुहैर मेली का?"

ते कुणालाच सांगता आलं नाही. झकीने ती खोकत असतानाच पडदा गुंडाळला होता. पण त्या प्रश्नाने हमदीच्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी त्याने सुजल्या डोळ्यांना बर्फाचा खडा लावून चित्रपट खात्याच्या माननीय प्रमुखांना अर्ज केला, तो असा:

"महोदय, ज्याअर्थी 'दिवा विझू देऊ नका' या चित्रपटाचा शेवट आमच्या गल्लीत कोणीही पाहिलेला नाही, त्याअर्थी नायिकेचा मृत्यू अद्याप निश्चित झालेला नाही, ही बाब आपल्या निदर्शनास आणून देत आहे. तरी सदर नायिकेस काल गुरुवार दुपारपासून पूर्वलक्षी प्रभावाने बरे करण्यात यावे, तिचा खोकला अभिलेखातून काढून टाकण्यात यावा, आणि त्याअनुषंगाने झालेले सर्व रुदन रद्द समजून माझे लग्न येत्या गुरुवारी लावण्याचे आदेश माझ्या सासऱ्यांना व मामांना त्वरित द्यावेत, ही नम्र विनंती."