आठवड्याचे भाडे आणि तात्यांची म्हैस

न्यूझीलंडमध्ये महिन्याला किती खर्च येतो, हे सदातात्या गवळी म्हशीच्या धारेत सांगतात. एका डोक्याचे केस कापायचे, तर म्हशीची सकाळ-संध्याकाळची धार. बसने एकदा जायचे, तर चार पेले. आठवड्याच्या घरभाड्याला म्हैस पंधरा दिवस पिळावी लागते. हे प्रथम ऐकणारा माणूस ओठाशी नेलेला पेला तसाच धरून उभा राहतो. मीही राहिलो होतो.

आमच्या पेठेत संध्याकाळी कट्ट्याशी म्हैस बांधून गिऱ्हाइकासमोर पेल्यात धार काढून देतात. तात्यांचा मुलगा विजय न्यूझीलंडला गाईंच्या गोठ्यावर नोकरीला आहे. ‘म्हशी न्हाईत तितं, नुसत्या गाई,’ हे तात्या अजूनही कोणाचे दुखणे सांगावे तसे सांगतात. विजय गेल्यापासून त्या देशात जाऊ पाहणारे प्रत्येक बिऱ्हाड आधी तात्यांच्या म्हशीपाशी येते.

तात्या प्रत्येक हिशेबात एक माणूस जादा धरतात. एकटा गडी आला तर खर्च दोघांचा, नवरा-बायको आली तर तिघांचा. यावर निवृत्त मुख्याध्यापक कुलकर्णी म्हणतात, ‘त्यांना मोजताच येत नाही.’ औषधाच्या दुकानातला पाटील म्हणतो, ‘स्वतःचं पोरगं गेलं, दुसऱ्याचं जाऊ नये म्हणून भीती घालतंय म्हातारं.’ ही दोन्ही मते मला अमान्य आहेत. उधारीचा एक पेलाही न विसरणाऱ्या माणसाला मोजता येत नाही, हे मुख्याध्यापकांनी कोणत्या आधारावर ठरवले? आणि पाटील तर दूधच पीत नाही. तो कट्ट्यावर असतो कधी?

मी रोज असतो. विजयचा तो फोन आला तेव्हाही होतो. भाड्याचा आकडा तात्यांना आधीच ठाऊक होता आणि तो महिन्याचा, असे ते धरून चालले होते. त्या दिवशी पोरगा बोलता बोलता म्हणाला, भाडे दर आठवड्याला द्यावे लागते. तात्यांचा हात आचळावरच थांबला. म्हशीने मान वळवून पाहिले.

‘आठवड्याला? आरं, भाडं हाय का बाजार?’

आज कित्येक बिऱ्हाडांना तो आकडा सांगून झाला, तरी ‘आठवड्याला’ म्हणताना त्यांचा आवाज त्याच ठिकाणी बसतो.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतला संदीप बायको-मुलाला घेऊन आला. मागे त्याची आई, शांताक्का, पदर सावरत उभी होती. तात्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिले आणि हिशेब सुरू केला. घर, वीज, भाजी, पोराचे बूट. संदीप मध्येच म्हणाला,

‘तात्या, तुम्ही चौघांचं धरलाय. आम्ही तिघंच जाणार हाय.’

‘आणि आक्का?’

‘आई हितंच ऱ्हाणार. एक खोली वाढली की भाडं कुठल्या कुठं जातंय.’

तात्या शांताक्कांकडे वळले. ‘काय वो आक्का, तुमास्नी कुणी इचारलं का?’

‘मीच सांगितलंय की,’ शांताक्का घाईने म्हणाल्या. ‘मला थंडी सोसत न्हाई. मी हितंच बरी हाय.’

तात्यांनी पेला खाली ठेवला.

‘आक्का, ह्ये वाक्य माझं हाय,’ ते म्हणाले. ‘मीच आमच्या विजयला सांगितलं हुतं. पोरगं भोळं, त्येला खरं वाटलं.’

मी हादरलो. हा माणूस ऐन डिसेंबरात, पंचगंगेवर धुके असताना, अंगात नुसती बंडी घालून म्हशी धुतो. तिथे मफलर गुंडाळून उभा राहणारा मी त्याचे हसणे रोज ऐकून घेतो. याला थंडी सोसत नाही?

संदीप आईकडे बघत राहिला. शांताक्का म्हशीकडे बघत होत्या.

‘आई, खरंच थंडीचं हाय का?’

नातवाने शांताक्कांचा पदर धरला होता, तो त्यांनी सोडवून घेतला नाही. संदीपच्या बायकोने नवऱ्याला कोपराने ढोसले. ‘बघताय काय? लहान घर बघू, जरा लांबचं. पोरगं झोपंल की आज्जीजवळ.’

‘धरा तात्या,’ संदीप म्हणाला. ‘चौघांचंच धरा.’

तात्यांनी पुन्हा घरापासून सुरुवात केली आणि ‘आठवड्याला’पाशी त्यांचा आवाज पुन्हा बसला. मग त्यांनी शांताक्कांना काठोकाठ फेसाळ पेला दिला.

परतताना आम्ही दोघेच होतो. पुढे म्हैस. मला राहवेना.

‘तात्या, तुम्हाला थंडी सोसेनाशी झाली तरी केव्हापासून?’

त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली.

‘भाडं आठवड्याला हाय म्हणून कळलं न्हवं का,’ ते म्हणाले, ‘तवापासनं.’