मगदूमसाहेबांचे शेवाळ निर्मूलन

कोणतीही समस्या सोप्या उपायाने सुटली की त्या समस्येचा अपमान होतो. कसबा बावड्यातले आमचे शेजारी महावीर मगदूम यांनी सरकारी कचेरीत चौतीस वर्षे काढली, पण असा अपमान त्यांच्या हातून एकदाही झाला नाही.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना माशांची काचेची टाकी भेट दिली. साहेबांनी ती रस्त्याकडच्या पूर्वेच्या खिडकीत मांडली, कारण टाकी माशांसाठी असली तरी खिडकी लोकांसाठी असते. सकाळचे ऊन थेट पाण्यात यायचे. वर दिवा रोज सोळा तास चालू. येणारा प्रत्येक पाहुणा बसायच्या आधी चिमूटभर खाणे टाकायचा. (मासे तोंडाची उघडझाप करतात, त्याचा अर्थ ‘अजून जेवण नाही’ असा लावण्याची पद्धत आहे.)

तिसऱ्या आठवड्यात काच हिरवी झाली. चौथ्या आठवड्यात समोरचे विजयसिंह रस्त्यावरूनच ओरडले, “साहेब, पालक लावलाय व्हय?”

हे वर्मी लागले. त्यात जुने सहकारी महिन्याभरात जेवायला येणार होते. साहेब मला घेऊन उचगावला तोहिदच्या दुकानात गेले. तोहिद एकवीस वर्षे मासे विकतो.

“काका, टाकी खिडकीतनं हलवा,” तो म्हणाला. “दिवा सात तास बास. खाणं दिवसातनं एकदा, दोन मिन्टात संपंल एवढंच. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. झालं.”

“आणि औषध?”

“औषध कशाला लागतंय की!”

साहेब हिरमुसले. परतताना म्हणाले, “माणूस चांगला हाय, पण अभ्यास न्हाय.”

त्याच दुपारी त्रिसदस्यीय शेवाळ निर्मूलन समिती स्थापन झाली. अध्यक्ष साहेब, सदस्य विजयसिंह आणि मी. साहेबांच्या पत्नी पद्मावतीकाकूंना घेतले नाही, कारण टाकी रोज त्याच पुसत असल्याने त्यांचे मत निःपक्षपाती राहिले नसते.

समितीच्या आठ बैठका झाल्या. (चहा प्रत्येकी दोन वेळा.) आधी सगळे पाणी एकदम बदलले, मासे कोपऱ्यात दबून बसले आणि शेवाळ ताजेतवाने झाले. मग शेवाळ खाणारा एक मासा आणला. वरून आयते पडते, हे कळायला त्याला दोन दिवस लागले; त्यानंतर त्याने नेमून दिलेल्या कामाकडे पाहिले नाही. (साहेबांना त्याच्याविषयी पहिल्यापासून आपुलकी वाटत होती.) शेवटी एक निळे औषध आणले. बाटलीवर ‘एक झाकण’ लिहिले होते. समितीने एकमताने तीन मंजूर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे पाण्यावर येऊन धापा टाकत होते. साहेब हातात इतिवृत्ताची वही घेऊन उभे राहिले, आणि एकाएकी त्यांचा आवाज फाटला.

“पद्मा, बघ गं! मरत्यात की!”

“सरका बाजूला,” काकू म्हणाल्या. “आणि ती वही ठेवा खाली.”

त्यांनी निम्मे पाणी काढले, आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बादल्यांतले घातले, काच पुसली, दिवा बंद केला, खाण्याचा डबा कपाटात टाकून किल्ली कमरेला लावली. मग समितीच्या दोन सदस्यांना पाणी कमी केलेली ती टाकी उचलायला लावून आतल्या खोलीत नेली. सदस्यांचा हा पहिलाच प्रत्यक्ष उपयोग होता.

साहेब दिवसभर टाकीसमोर स्टुलावर बसून राहिले. जेवलेही नाहीत. संध्याकाळी मासे एकेक करत खाली उतरले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. (‘दमट हवामानामुळे’, अशी नोंद आहे.)

तीन आठवड्यांत पाणी नितळ झाले. सहकारी आले, थक्क झाले. साहेबांनी समितीच्या कार्यपद्धतीवर चाळीस मिनिटे माहिती दिली. दोघांनी टिपून घेतली. काकू म्हणाल्या, “आमटी निवतीया,” आणि वाढत राहिल्या.

टाकीत मासे किती होते आणि कोणत्या रंगाचे, याची नोंद इतिवृत्तात नाही. मीही इथे सांगितलेले नाही. त्यावाचून आपले काही अडल्याचे दिसत नाही.