चुलीचं आवतण

रुखमाक्काला पाणी मागितलं की ते लवकर मिळत नसे. तांब्या घेऊन ती रांजणापाशी जायची, आत वाकायची आणि म्हणायची, "बायांनो, जरा सरका." मग थांबायची. आतून होकार आल्यासारखं वाटलं की तांब्या बुडवायची. कधीकधी होकार येतच नसे.

एकदा जमादार घोड्यावरून आला आणि तिच्या दारात पाणी मागू लागला. रुखमाक्का रांजणात डोकावून आली आणि म्हणाली, "दम धरा जमादारसायब. थोरली न्हाऊन राहिली." घरात कुणी बाईमाणूस न्हातंय असं समजून जमादार बिचारा लाजला. त्यानं दाराकडं पाठ फिरवली, घोड्याचंही तोंड फिरवलं आणि भर उन्हात बराच वेळ तसाच उभा राहिला. शेवटी तहानलेलाच गेला. पुढं गावात कुणाला यायला उशीर झाला की लोक विचारायचे, "काहून रे, थोरली न्हाऊन राहिली का?"

थोरली म्हणजे साती आसरांमधली थोरली. आमचं गाव कयाधूच्या काठावर. गावाखाली नदीला खोल डोह आहे आणि काठावर शेंदूर लावलेले सात गोटे आहेत. पाण्यात राहणाऱ्या सात बहिणींचं ते ठाणं. आसरा हा शब्द अप्सरा या शब्दावरून आला, असं आम्हाला कॉलेजात सरांनी सांगितलं. मी मान डोलावली. पण रुखमाक्काच्या आसरा कुणाच्या दरबारात नाचणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या भांडायच्या, रुसायच्या, उसनं नेऊन परत करायच्या नाहीत.

आमच्या घरात कॉलेजपर्यंत आलेला मी पहिलाच. मला लिहायचा सराव नाही, आणि हे नीट जमेल की नाही ते ठाऊक नाही. पण तिच्याबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

रुखमाक्का आमची शेजारीण, माझ्याहून थोडीशीच मोठी. लहानपणीच लग्न झालं आणि नवरा तापानं गेला तेव्हा तिला अजून परकर नेसायची सवय होती. त्यांचं घराणं मोठं मानी. विधवेचा पाट लावणं, म्हणजे तिचं दुसरं लग्न, त्यांच्यात चालत नसे. सासूच्या हाताखाली तिचे दिवस जात. भर दुपारी आसरा माणूस ओढून नेतात म्हणून गाव डोहाकडं फिरकायचं नाही. ती नेमकी दुपारीच तिथं जाऊन बसायची. मी शेळ्या घेऊन तिकडं गेलो की आमच्या गप्पा व्हायच्या.

"अक्का, खाली भाकरी करतात का?"

"करतात की."

"मग पाण्यात भिजत न्हाई का?"

"भिजती. म्हणून तर त्यायला कोरड्यास-कालवण लागत न्हाई."

मी तेव्हा शाळेत उर्दू घोकून बेजार झालो होतो. मी विचारलं, "त्या उर्दू बोलतात का मराठी?"

"येड्या, पाण्याखाली सरकार न्हाई," ती म्हणाली. "पटवारी न्हाई, जमादार न्हाई, सासू न्हाई. ज्याला जे यील ते त्यानं बोलावं."

सातांमधल्या धाकलीशी तिचं विशेष सूत होतं आणि भांडणही तिच्याशीच. एकदा ती फुगून बसली होती. विचारलं तर म्हणाली, "धाकलीनं माझी फणी नेली. मागितली तर दात काढती." मी हसलो नाही. आदल्या दिवशी तिच्या सासूनं ती फणी डोहात भिरकावताना मी काठावरून पाहिलं होतं. "रांडमुंडीला कशाला पायजे भांग," असं ती म्हातारी ओरडत होती. रुखमाक्काच्या बांगड्याही याच काठावर फोडल्या होत्या. त्यांचं विचारलं तर ती सांगायची, "त्या मधलीला दिल्या. तिचे हात गोरे हायेत, बराबर दिसतात."

सासू मेली. दिरानं वाटणीत तिला एक खोली दिली. तिथं रांजण, चूल आणि ती.

मग निझामी राज्याचे शेवटचे महिने आले. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. आज याची गंजी जळाली, उद्या त्याचा माणूस झाडाला बांधलेला सापडला, अशा बातम्या येत. लोक गुपचूप गाड्या जुंपून पैनगंगेच्या पलीकडं वऱ्हाडात जाऊ लागले. माझा बाप आधीच पलीकडं गेला होता. रुखमाक्काचा दीर एका सकाळी बायको, लेकरं, म्हशीसुद्धा घेऊन निघून गेला. तिच्या खोलीपुढून गाडी गेली तेव्हा ती दारातच उभी होती.

दोन दिवसांनी शेजारच्या साखरा गावाच्या बाजूला धूर दिसला. आमच्या गल्लीतल्या संभाकाकांनी त्यांची गाडी जुंपली, त्यात आम्हाला घेतलं आणि माझ्या मायनं मला पळवलं, "रुखमीला आण जा."

ती डोहावर होती. गोट्यांपुढं मांडी घालून बसलेली.

"अक्का, चल. ते लोक येऊन राहिले."

"तुमी जा. मी या बायायला सोडून कशी यीन?"

मी तिच्याजवळची टोपली उचलली आणि एक गोटा उचलायला गेलो. तिनं माझ्या हातावर फाडकन मारलं.

"चोरून नेतो का बायायला? आवतण न्हाई, अक्षत न्हाई!"

आमच्याकडं नवी विहीर खोदली की आसरांना नदीवरून तिथं बोलावून नेतात. कुंकू लावलेले तांदूळ ठेवून रीतसर आवतण द्यावं लागतं. त्याशिवाय त्या पाऊल उचलत नाहीत.

"मग तू दे ना आवतण," मी म्हणालो.

ती हसली. "माझ्या हातचं चालतं व्हय? सवाष्ण पायजे."

मी गाडीकडं पळालो. माय खाली उतरली. सोबत घेतलेल्या तांदळाच्या गाठोड्यातून तिनं मूठभर काढले आणि कुंकवाचा करंडा घेऊन निघाली. संभाकाका मागून ओरडत होते, "अगं, इथं जीवाची पडली अन् तुमी देव कसले न्यायला निघाल्या?"

धूर आता जवळचा वाटत होता. मायनं एकेका गोट्यापुढं तांदूळ ठेवले आणि घाई न करता सातही वेळा म्हणाली, "बाई, आमच्यासंगं चला." मी गोटे टोपलीत भरले. टोपली डोक्यावर घेतली.

रुखमाक्का उठली नाही.

"ऊठ की गं," माय म्हणाली. "आल्या ना तुझ्या साती जणी?"

"व्हय. घेऊन जा त्यायला."

"आन तू?"

ती पाण्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आवतण त्यायला झालं."

मला वाटलं, हिचं डोकं आता पुरतं फिरलं. मी तिचा दंड धरायला पुढं झालो, पण मायनं मला डोळ्यांनी थांबवलं. नवरा गेल्यापासून रुखमाक्काच्या हातावर कुणी अक्षत ठेवली नव्हती. लग्न असो, बारसं असो, अक्षत वाटणारी बाई तिचं दार टाळून पुढच्या दारात जायची. दिराची गाडी गेली ती तशीच. आम्हीही तिला 'चल' म्हणत होतो, जसं गुराला म्हणतात.

मायच्या मुठीत थोडे लाल तांदूळ उरले होते. ती रुखमाक्कासमोर बसली.

आम्हाला बोलवायला आलेली संभाकाकांची बायको वरच्या काठावरून किंचाळली, "अवो, तिच्या हातावर कुकवाची अक्षत? वाटंला अवदसा बोलावून राहिल्या का?"

मायनं मान वळवली नाही. "रुखमाबाई," ती म्हणाली, आणि तिला अहोजाहो करताना मी मायला पहिल्यांदा ऐकलं, "आमच्यासंगं पैनगंगेपल्याड चला. आमच्या घरचं आवतण हाय."

रुखमाक्कानं हात पुढं केला. मग मधेच थांबवला.

"एकटीचं का चुलीचं?"

आमच्याकडं आवतण दोन तऱ्हेचं असतं. एक घरातल्या एका माणसापुरतं. दुसरं सगळ्या घराला, म्हणजे त्या घरी त्या दिवशी चूल पेटवायची नाही. त्याला चुलीचं आवतण म्हणतात. ते फार जवळच्यांना देतात.

मायनं मूठ उघडली. "चुलीचं," ती म्हणाली.

रुखमाक्कानं तांदूळ घेतले, मूठ मिटली, उठली, पदर नीट केला आणि लग्नघरी निघाल्यासारखी आमच्या पुढं चालू लागली.

आम्ही गाडीत बसलो. संभाकाकांची बायको लेकरू छातीशी धरून दुसऱ्या कडेला सरकली होती. मागं आमचं गाव झाडांआड गेलं आणि त्या झाडांवर धूर चढताना दिसला. वाट खडकाळ होती. गाडी आदळली की रुखमाक्का एका हातानं दांडी धरायची आणि कलंडायची.

"दोन्ही हातांनी धर गं," माय म्हणाली. "पडशील."

"हात रिकामा न्हाई, काकी," रुखमाक्का म्हणाली.