गप्प राहण्याचा रेट

नोकरीवर हजर झाले त्या पहिल्याच दिवशी सांडूअण्णांनी माझी परीक्षा घेतली.

मी बी.एस्सी. ॲग्री. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या तपासणी लॅबमध्ये अधिकारी म्हणून लागलेली. सांडूअण्णा सातवी शिकलेले, तिथं वीस वर्षांपासून मदतनीस. मी डिग्रीची फाईल छातीशी धरून उभी होते. त्यांनी फाईल वरूनच पाहिली आणि म्हणाले, "लेबल चांगलं हाय मॅडम. आता दाणा पाहू." मग ओलं गोणपाट टेबलावर उलगडलं. आत मुगाचे शंभर दाणे.

"यातले मेलेले किती?"

मी मोजून सांगितलं, "नऊ."

"सहा. हे तीन कडक हायेत. पाणी जल्दी घेत न्हाईत." त्यांनी एक दाणा बोटानं दाबून दाखवला. "मेलेला पिचकतो, कडक दगडावानी ऱ्हातो. याला चार दिवस जास्ती द्या."

चार दिवसांनी तिन्ही दाण्यांना कोंब आले. मला राग आलाच होता. सरळच सांगते, ते लेबल मिळवायला मला फार लागलं होतं.

आमचं घर धावडा गावातलं. दोन एकर कोरडवाहू, आणि उरलेले दिवस आई-बापू दुसऱ्याच्या रानात. घरात चौथीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मी परभणीला शिकायला गेले तेव्हा बापूंनी ट्रंक डोक्यावर घेऊन मला एस.टी.त बसवलं आणि गाडी हलल्यावर ओरडले, "पोचली की सांग!" सांगणार कशावर? गावात फोन एकच, किराणा दुकानात. मी बूथवरून फोन लावायचा, दुकानदारानं कुणाला तरी रानात पिटाळायचं, बापूंनी पळत यायचं, आणि तेवढ्यात लाईन गेलेली असायची. चार वर्षांत बापूंचा आवाज मी फोनवर दोनदा ऐकला. दोन्ही वेळा नुसता दम लागलेला होता.

म्हणून कुणी माझ्या फाईलला लेबल म्हटलं की मला झोंबायचं. पुढं कळलं की अण्णांना सगळ्या जगालाच लेबल चिकटवलेलं दिसतं, आणि त्यातल्या एकावरही त्यांचा विश्वास नाही. "लेबल काहीबी म्हणू द्या, दाणा काय म्हणतो?" हे दिवसातून दहा वेळा. छत्री घेतली ती दुकानदाराच्या नळाखाली उघडून, दुकानदाराला आत उभं करून. चपला घेतल्या त्या घालून आधी रेल्वे स्टेशनपर्यंत जाऊन आले. दुकानदार जुन्या चपला तारण धरून बसला होता. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या तर हे म्हणाले, "दोन द्या. उगवल्या तर बाकीच्या नेतो." थोरल्या मुलीचं स्थळ पाहायला ते ऐन एप्रिलात न सांगता गेले, ओळख न देता दारात प्यायला पाणी मागितलं. माठातलं दिलं म्हणून सोयरीक जमली. आधीच्या स्थळाच्या लोकांनी हौदाकडं बोट दाखवलं होतं म्हणे.

मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ. ते कशासाठी पाहतात हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

त्यांची धाकटी मंदा त्या वर्षी नर्सिंगला नागपूरला गेली होती. हसनाबादच्या त्यांच्या घरातून शिकायला बाहेर पडलेली पहिलीच. अण्णा रोज तिचा विषय काढायचे. होस्टेलात भाकरी मिळते का, रात्री लाईट असते का, मुली चिडवतात का, सगळं मला विचारायचे. मी होस्टेलात राहिलेली ना. मंदाला कधी पाहिलं नव्हतं मी. "लई बोलत न्हाई ती," एवढंच ते सांगायचे.

त्याच सुमारास लॅबच्या फोनवर एक त्रास सुरू झाला. दर शनिवारी अकराच्या सुमाराला फोन वाजायचा. मी उचलायचे, पलीकडून कुणी बोलायचं नाही. नुसता श्वास. शनिवारी अण्णा कंपनीच्या शेतातल्या प्लॉटवर नमुने आणायला जायचे, लॅबमध्ये मी एकटी. एकटी मुलगी बघून कोणी टवाळ मागं लागलाय हे ओळखायला मला डिग्री लागत नव्हती. दोन शनिवार मी फोन ठेवून दिला. तिसऱ्या शनिवारी सुनावलं, "लाज नाही वाटत? घरात आयाबहिणी नाहीत का? पुन्हा फोन केला तर पोलिसात देईन!"

फोन बंद झाले. मी मोठ्या अभिमानानं अण्णांना सांगितलं. "एकदा झापलं की सरळ होतात."

अण्णा ट्रेमधले कोंब मोजत होते. त्यांचा हात थांबला. "किती वाजता यायचा?"

"अकराला. शनिवारी."

"असंल कोणी," ते म्हणाले आणि पहिल्यापासून मोजायला लागले. अण्णांचा आकडा चुकलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पुढच्या शनिवारी ते प्लॉटवर गेले नाहीत. दुपारपर्यंत फोनच्या टेबलापाशी बसून राहिले. फोन आला नाही. मंगळवारी मंदाचं पत्र आलं. अण्णांनी ते माझ्या हातात दिलं. अक्षर मोत्यासारखं. 'अण्णा, मला इथं करमत नाही. फोनवरही बोलणं होत नाही. दिवाळीला येते ती परत जाणार नाही.'

दिवाळी तीन आठवड्यांवर होती.

"मॅडम," अण्णा म्हणाले, "मोबाईल घ्यायचाय. दोन. एक तिला, एक मला. तुमी चला संगं. इंग्रजीत फसवतात."

स्टेशन रोडला एका मोबाईल कंपनीचं काचेच्या दाराचं दुकान नवंच निघालं होतं. काउंटरवरच्या टायवाल्यानं एका श्वासात तीन प्लॅन सांगितले. व्हॅलिडिटी, टॉकटाइम, पल्स, एसएमएस. मी शिकलेली, मला त्यातलं निम्मं कळलं. अण्णांनी हात बांधून सगळं ऐकून घेतलं.

"बराबर. आता एक सांगा. फोन लावला. समोरच्यानं उचलला. अन् कोणीच बोललं न्हाई. मंग?"

"मग काय, सर?"

"गप्प राह्यल्याचा रेट काय?"

टायवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी काचेतून बाहेरच्या ऑटो पाहू लागले.

"सर, गप्प कशाला राहाल? फोन बोलायसाठीच असतो."

"ते मी पाहीन ना. कापडवाला इचारतो का, सदरा घालून कुठं चाललास? दुसरं सांगा. लई येळ गप्प राह्यलं तर तुमची मशीन आपोआप कट करती का?"

"करत नसेल बहुतेक."

"बहुतेक म्हंजे किती टक्के?"

उगवण टक्क्यांत मोजणाऱ्या माणसाचा तो अगदी साधा प्रश्न होता. टायवाल्यानं सुटका म्हणून हेल्पलाईन लावून फोन अण्णांच्या हातात दिला.

"नमस्कार बाई. मी सांडू, हसनाबादचा," अण्णांनी सुरुवात केली. पलीकडं रेकॉर्ड केलेली बाई मराठीसाठी एक, हिंदीसाठी दोन सांगत होती. अण्णा थांबले.

"अण्णा, एक दाबा," मी म्हटलं.

"तिचं होऊ द्या की. मधी बोलणं बरं दिसत न्हाई."

तिचं होईना. शेवटी मीच एक दाबलं. गाणं वाजलं, पुन्हा ती बाई, पुन्हा गाणं, आणि एकदाचा खरा माणूस आला. "बोला सर, काय मदत करू?"

आणि अण्णा गप्प. फोन कानाला, डोळे घड्याळावर. मी खुणा केल्या, त्यांनी हातानं थांबवलं. पलीकडून "हॅलो? हॅलो सर?" ऐकू येत होतं. मग खट्.

"चाळीस सेकंद," अण्णा मला म्हणाले. "पाह्यलं? मशीनचं माहीत न्हाई, पण माणूस कट करतो."

टायवाला हसला. मीही हसले. आता आठवलं की ते हसू परत घ्यावंसं वाटतं.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. टायवाल्यानं आम्हाला पाहताच आत जाऊन मॅनेजरला आणलं. मॅनेजर म्हणाले, "काका, नेमकं काय पाहिजे तुम्हाला?"

"नमुना. बी घेताना आमी शंभर दाणे लावून पाहतो. तुमचा फोन लावून पाहू द्या. बोलणार न्हाई आमी, कोणाला तकलीफ न्हाई."

मॅनेजर तसे सज्जन निघाले, की आम्ही टळावं म्हणून तयार झाले, कोण जाणे. दोन फोन काढून दिले. एक घेऊन मी पाण्याच्या पिंपाजवळ बसले, दुसरा घेऊन अण्णा दाराशी. अण्णांनी लावला, मी उचलला. आणि आम्ही दोघं, पंचवीस पावलांवर, एकमेकांकडं बघत, फोन कानाला लावून, गप्प.

एक मिनिट गेलं. दुकानातलं बोलणं हळूहळू बंद पडलं. रिचार्जला आलेल्या एका बाईनं पदर डोक्यावर घेतला आणि टायवाल्याला दबक्या आवाजात विचारलं, "कोणी वारलं का हो?" तीन मिनिटं झाली. माझा हात भरून आला. पाच मिनिटांनी अण्णांनी मान हलवली तेव्हा मी फोन ठेवला.

लाईन तुटली नव्हती. पैसे मात्र बोलल्यासारखेच कटले होते, मिनिटाच्या हिशेबानं.

"म्हंजे गप्प राह्यलं तरी बोलल्याचाच रेट," अण्णा म्हणाले. "हे परवाच सांगितलं असतं तर? बरं, घड्याळाकडं न पाहता गप्प ऱ्हाता येईल असा प्लॅन हाय का?"

मॅनेजरांनी पत्रक चाळलं. मग टायवाल्याला म्हणाले, "अरे, तो दोन नंबरच्या जोडीचा का नाही सांगितला?"

"त्यांनी विचारला नाही, सर."

एकाच कंपनीचे दोन नंबर जोडून घ्यायचे, महिन्याला ठरलेली रक्कम भरायची, मग त्या दोघांत कितीही बोला. "नागपूरलाबी?" नागपूरलाही. अण्णांनी त्या जोडीवर पुन्हा पाच मिनिटं काढायला लावली. पिंपाजवळची माझी जागा टायवाल्यानं आपणहून धरून ठेवली होती. शिल्लक तेवढीच राहिली. मग अण्णांनी मॅनेजरांकडून पत्रकाच्या पाठीवर मराठीत लिहून घेतलं: 'बोलले अथवा न बोलले तरी वेगळे पैसे पडणार नाहीत. पाच मिनिटे न बोलून पाहिले, फोन आपोआप कट झाला नाही.' खाली सही, शिक्का.

अण्णांनी तो कागद दोनदा वाचला. "लेबल अन् दाणा एकच निघाला," ते म्हणाले, आणि भर दुकानात टोपी काढून घाम पुसला. इतका सुटल्यासारखा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

रविवारी ते स्वतः नागपूरला जाऊन एक फोन देऊन आले.

त्या शनिवारीही ते प्लॉटवर गेले नाहीत. अकरा वाजता लॅबमध्ये त्यांच्या खिशातला फोन वाजला. "हां मंदा. मी हाय," एवढं बोलून ते गप्प झाले. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये, हातानं मक्याचे कोंब मोजणं चालू. मध्येच एक नजर घड्याळाकडं. अर्धं मिनिट. एक मिनिट. ना "हॅलो", ना "ऐकू येतं का". मी रजिस्टर पुढं घेऊन बसले होते, पण एक ओळ पुढं सरकत नव्हती. दीड मिनिटाच्या आसपास त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "हां... हां... मंग? वॉर्डात काय झालं?" त्यानंतर पाऊण तास ते फक्त "हां" म्हणत होते.

फोन ठेवल्यावर मी विचारलं नव्हतं, तेच म्हणाले, "तोतरी हाय मंदा. पयला शब्द अडकतो. दीड मिनिट लागतं. एकदा निघाला की मंग गाडी थांबत न्हाई. बूथवर मागं रांग असती, लाल आकडे पळत असतात, तिला निघतच न्हाई. ल्हान होती तवाच मोजलं मी. दीड मिनिट. लोकांना तेवढाबी दम नसतो."

शनिवार. अकरा. तो नुसता श्वास.

"अण्णा, ते फोन मंदाचे होते. तुम्हाला माहीत होतं?"

"तुमी सांगितलं तवाच. शनिवारी अकराला तिला सुट्टी असती, अन् मी तवा प्लॉटवर असतो हे तिला सांगायचंच राह्यलं."

"मग मला बोलला का नाहीत? मी तिला पोलिसांची... मी तिला काय काय बोलले!"

"तुमी तरी काय करणार, माय," ते म्हणाले. मॅडमवरून ते 'माय'वर कधी आले ते त्यांनाही कळलं नसेल. "त्या फोनवर लेबलच नव्हतं."

मंदा दिवाळीला आली आणि भाऊबीज करून परत गेली. त्यानंतरच्या दिवाळ्यांनाही गेली.

तीन वर्षांनी एका दुपारी लॅबचा फोन वाजला. अण्णा प्लॉटवर होते आणि तिथं रेंज नसायची. मी फोन उचलला. पलीकडं कुणी बोलेना. मागं खूप मुलींचा गलका, आणि जवळ नुसता श्वास.

"मंदा, बोल," मी म्हटलं. "मला घाई नाही."

मी खुर्ची ओढून बसले. टेबलावर मुगाचा ट्रे होता, तो मोजत राहिले. किती वेळ गेला ते पाहिलं नाही.

"म... मॅडम," शेवटी आवाज आला. "अण्णांना सांगा. मी पास झाले."

मी प्लॉटवर जाऊन सांगितलं. अण्णांनी ऐकलं, आणि पहिल्यांदाच नमुना मागितला नाही.

मंदा पास झाली. हसनाबादच्या त्या घरातली ती पहिली. आज ती नागपूरलाच सिस्टर आहे.