दुरुस्तीकाकांची पूर्वतयारी

"जगात दोन प्रकारची माणसं असतात," दुरुस्तीकाका स्टुलावर उभे राहून म्हणाले, "अक्षरं बघणारी आणि वाचणारी. चाळीस वर्षं मी पहिल्या प्रकारात होतो. येत्या रविवारी मी दुसऱ्या प्रकारात असेन."

"वर चढलाच आहात तर तो मोठा डबा काढा," काकू म्हणाल्या.

काकांनी निमूटपणे डबा काढून दिला आणि ते पुन्हा बल्ब बदलायला लागले. वाचणाऱ्याच्या डाव्या खांद्यामागून प्रकाश यायला हवा, असं त्यांनी आणलेल्या वाचनाच्या पुस्तिकेत लिहिलं होतं.

काका छापखान्यात मुद्रितशोधक होते. जगातला एकही विषय त्यांच्या नजरेखालून जायचा राहिला नव्हता आणि एकही डोक्यात शिरला नव्हता. हृदयविकारावरच्या एका जाडजूड ग्रंथातलं त्यांना एवढंच आठवत होतं, की पान दोनशे बारावर हृदय उलटं छापलं होतं. निवृत्तीनंतर ते गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या दुरुस्त करत हिंडू लागले, म्हणून लोकांनी त्यांचं नाव दुरुस्तीकाका ठेवलं. त्याचा परिणाम असा, की वर्षातून तीनचार वेळा कुणीतरी नळ गळतोय म्हणून त्यांना बोलवायला येई.

तर सोमवारी मुलगी आली होती, दोनशे छत्तीस सुटी पानं घेऊन. तिनं कादंबरी लिहिली होती, आयुष्यातली पहिली. प्रकाशकाकडे देण्याआधी बाबांनी वाचावी असं तिचं म्हणणं होतं. तिनं गठ्ठा टेबलावर ठेवला, काकांच्या खिशातली लाल पेन्सिल काढली आणि आपल्या पर्समध्ये टाकली.

"चुका काढायच्या नाहीत, बाबा. नुसतं वाचायचं. आणि रविवारी मला सांगायचं, कशी आहे ते."

काका "बरं" म्हणाले, पण गठ्ठ्याला हात लावेनात. त्याला कारण होतं. वीस वर्षांपूर्वी ही मुलगी पहिल्यांदा घर सोडून वसतिगृहात गेली आणि तिथून तिनं चार पानी पत्र लिहिलं. काकांनी ते मन लावून वाचलं, त्यात एकेचाळीस दुरुस्त्या केल्या आणि ते उलट टपालानं तिला परत पाठवलं. काय लिहिलंय पोरीनं, असं काकूंनी विचारलं तेव्हा शेवटचा परिच्छेद फार लांबलाय, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर मुलगी फोन करत राहिली. पत्र मात्र पुन्हा आलं नाही.

मंगळवारी दुपारपर्यंत काकांची अडीच पानं झाली. गोष्टीत कोण कोण आहे, असं काकूंनी विचारलं; काकांनी समास डावीकडे जरा कमी सुटल्याचं सांगितलं. मग त्यांनी स्वतःच गणित मांडलं. या वेगानं रविवारी ते पंचविसाव्या पानावर पोचणार होते, आणि तेही काही न समजता. घाबरून त्यांनी चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून, कमी वेळात जास्त वाचायला आणि वाचलेलं समजायला शिकवणारी एक पातळ पुस्तिका आणली. अख्खा बुधवार ती वाचण्यात गेला, कारण तिच्यात त्रेसष्ट चुका होत्या आणि हाताशी लाल पेन्सिल नसल्यामुळे त्या सगळ्या लक्षात ठेवाव्या लागत होत्या.

पुस्तिकेचा निम्मा भाग नुसता तयारीचा होता. गुरुवार बल्ब बदलण्यात, खुर्ची खिडकीशी ओढण्यात आणि ती डुगडुगते म्हणून पायाखाली पुठ्ठा सारण्यात गेला. शुक्रवारी डोळ्यांचे व्यायाम आले. शिवाय वाचताना ओठ हलत असतील तर दातांत पेन्सिल धरावी, असंही लिहिलं होतं. काकांचे ओठ हलत. नुसते हलत नसत, विरामचिन्हांसकट हलत. छापखान्याची रीतच तशी होती. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं समोरच्या छापील कागदावर नजर फिरवायची. मोठ्यानं वाचायला तेव्हा काकू होत्या. "ती खाली बसली स्वल्पविराम आणि रडू लागली पूर्णविराम," असं त्या एका सुरात वाचून दाखवत. काकांनी लग्नाचं विचारलं तेव्हाही त्या कागदावरून नजर न उचलता "हो पूर्णविराम" म्हणाल्या होत्या.

शुक्रवारी दुपारी समोरच्या दुकानातल्या टेलरमास्तरांनी सुईत दोरा ओवता ओवता वर पाहिलं. खिडकीत दुरुस्तीकाका लाकडासारखे ताठ बसले होते. त्यांची बुबुळं वर जात होती, खाली येत होती, कोपऱ्यात जाऊन थांबत होती, आणि दातांत काहीतरी घट्ट धरलेलं होतं. कपड्याच्या बाबतीत मास्तरांनी जन्मात कधी घाई केली नव्हती. पण इथं माणसाचा प्रश्न होता. ते तांब्याभर पाणी घेऊन जिना चढून आले आणि त्यांनी आधी काकांच्या दातांतली, काकूंच्या हिशेबाची पेन्सिल ओढली. काकांनी ती आणखी घट्ट धरली आणि आपण वाचनाची तयारी करतोय असं सांगितलं. पण पेन्सिलीमुळे त्याचं नुसतं "अं अं" झालं आणि ही आकडीच, अशी मास्तरांची खात्री पटली. त्यांनी तांब्या रिकामा केला. निम्मं पाणी काकांवर पडलं, निम्मं कादंबरीवर. झटापटीत चष्मा खाली पडला आणि त्यावर मास्तरांचा पाय पडला.

आतून काकू धावत आल्या, तेव्हा दोघंही एकमेकांची क्षमा मागत होते.

पानं एकमेकांना चिकटायला लागली होती. मास्तरांनीच उपाय काढला. तयार कपडे टांगायला त्यांच्या दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या होत्या. शिवलेले पायजमे खाली उतरले आणि त्यांच्या चिमट्यांत कादंबरी लटकली. संध्याकाळी काकू पानं आणायला गेल्या, तेव्हा मास्तर दोरीखाली मान वर करून उभे होते. मशीन बंद होतं, आणि मास्तरांचं बोट ओळीखालून हळूहळू सरकत होतं.

"काकू, सतरावं पान कुठंय?" ते म्हणाले. "ती पोरगी स्टेशनवर एकटी बसलीय."

तिला तसंच बसवून ठेवणं बरं दिसेना. पण मास्तरांची कामं खोळंबली होती, आणि मान वर करून शिवता येत नाही. शेवटी असं ठरलं, की शनिवारी सकाळी काकूंनी दुकानात बसून मोठ्यानं वाचायचं आणि मास्तरांनी शिवता शिवता ऐकायचं. काकाही गेले. कशाला जाता, असं काकूंनी विचारल्यावर पानांवर लक्ष ठेवायला, असं ते म्हणाले. नवा चष्मा मिळायला चार दिवस होते. त्यांना पानं तर सोडाच, मास्तरही नीट दिसत नव्हते.

काकूंनी सुरुवात केली. पहिली दहा पानं सवयीनं विरामचिन्हांसकट झाली, मग ती कधी गळली ते कुणाला कळलं नाही. समोर एकही अक्षर नव्हतं, त्यामुळे काकांना चाळीस वर्षांत प्रथमच गोष्ट दिसायला लागली. त्यांना ते स्टेशन दिसलं, ट्रंकेवर बसलेली मुलगी दिसली, तिनं वेणीचं टोक दातांत धरलंय हेही दिसलं. दुपार टळून गेली तरी कुणी जेवायला उठलं नाही. पान एकशे नव्वदवर काकू थांबल्या.

"थांबलीस का?"

"स्वल्पविराम आहे."

"एवढा मोठा?"

मास्तरांनी मशीनवरचा पाय काढला. काकू पुढं वाचू लागल्या. गोष्टीतल्या त्या मुलीला वसतिगृहात तिचं स्वतःचं पत्र परत येतं, लाल खुणांनी भरलेलं. मैत्रिणी हसतात. सगळ्या जेवायला गेल्यावर ती एकेक खूण मोजते आणि तिच्या लक्षात येतं, की बाबा आपल्या प्रत्येक अक्षरापाशी थांबलेत. 'इतकं हळू मला कुणीच वाचलं नव्हतं,' असं ती वहीत लिहिते.

काका चष्मा पुसायला गेले. मग चष्मा नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

रविवारी मुलगी आली. काकांनी चार वाक्यं तयार ठेवली होती, त्यात 'आशय' हा शब्द दोनदा येत होता. तिनं चप्पल काढता काढताच विचारलं, "कशी आहे, बाबा?"

काकांनी बराच वेळ टेबलाची कड चाचपली. "ती स्टेशनवर बसलेली असते ना," ते म्हणाले, "तिला सोडायला कुणीतरी जायला हवं होतं. मी जायला हवं होतं."

मुलीनं दुसरी चप्पल काढली. ती त्यांच्याजवळ येऊन बसली. जरा वेळानं तिनं पर्स उघडली, लाल पेन्सिल काढली आणि त्यांच्या खिशात होती तशी ठेवून दिली.

"आता चुका काढा," ती म्हणाली. "घाई नाही. तुमच्या पद्धतीनं वाचा. हळू."

काकूंनी कोपऱ्यातली पुस्तिका उचलून खुर्चीच्या पायाखाली, पुठ्ठ्याच्या जागी सारली. खुर्ची डुगडुगायची थांबली.

इतक्यात दारात टेलरमास्तर येऊन उभे राहिले. त्यांनी मुलीकडे बघून हात जोडले.

"ताई, कादंबरी फार चांगली झालीय," ते म्हणाले. "आता माझे चिमटे तेवढे परत द्या. परवापासून गिऱ्हाइकांचे पायजमे जमिनीवर आहेत."