टेकून उभी असलेली माणसं

पेशीच्या आत काय चालतं ते माझ्याइतकं सोपं करून अख्ख्या भाईंदरात कोणी शिकवत नाही, असं मी १९९४च्या मे महिन्यापर्यंत छातीठोकपणे सांगत असे! बारावीची सुट्टीतली शिकवणी होती माझी. त्या शनिवारी मी पुस्तकाबाहेरचं शिकवलं. "पेशीत प्रथिनांचे बारीक तंतू असतात. एकटा तंतू पेशीचं आवरण रेटायला गेला तर वाकतो. जुडी झाली की तेच तंतू आवरण पुढे ढकलतात! पण सगळे एकदम नाही हं. काही भार धरून ठेवतात, तेवढ्यात बाकीचे वाढतात."

किनाऱ्यावरच्या पाली गावची हेमाली म्हणाली, "सर, उद्या आमची होडी वर चढवायचीय. बघायला या ना!"

पावसाळ्याआधी तिथे होड्या किनाऱ्यावर चढवून ठेवतात. रविवारी गेलो, इस्त्रीची पँट घालून! हेमालीचे वडील धर्माभाऊ, फक्त त्यांचीच होडी चढवायची राहिली होती आणि आभाळ भरून आलं होतं. तेल लावलेल्या फळ्यांवर होडी, दोन्ही बाजूंनी वीस माणसं खांदा लावून. बघतो तर निम्मी रेटतायत आणि निम्मी नुसती टेकून उभी! माझ्यातला मास्तर खवळला.

"अहो, हा काय आळस? सगळ्यांनी एकदम जोर लावा!"

"सर, तसं न्हाय करत," धर्माभाऊ म्हणाले.

"पोरीचे सर हायत, ऐका जरा!" हेमालीची आई, सत्यवतीबाई, त्यांच्यावर डाफरल्या.

मी बाह्या सरसावल्या. "एक, दोन, तीन!" होडी हातभर वर! "शाब्बास! आता सगळ्यांनी दम घ्या!"

सगळ्यांनी दम घेतला. होडी त्याच फळ्यांवरून सुसाट मागे गेली, खडकावर सुकाणू फोडून थेट पाण्यात! माणसं बाजूला उडाली आणि मी चिखलात बसलो.

सत्यवतीबाईंनी मला चहा दिला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग भर पावसात, त्यांच्या पद्धतीने, होडी पुन्हा चढवली. मला टेकून उभं राहायचं काम मिळालं. खांदा आठवडाभर वर होत नव्हता.

पुढच्या चाचणीतला प्रश्न आधीच छापून झाला होता: 'तंतूंची जुडी जोर कसा लावते? उदाहरण द्या.' हेमालीने लिहिलं, "काही तंतू भार धरतात, काही रेटतात. सगळ्यांनी एकदम सोडल्यास भार मागे येतो. उदा. आमची होडी."

पाचपैकी पाच द्यावे लागले! पेपर पालकांच्या सहीसाठी घरी गेला. परत आला तेव्हा माझ्या लाल खुणेशेजारी धर्माभाऊंची सही होती आणि खाली दोनच शब्द: "बरोबर हाय."