सामायिक पंखा

विरारच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्लासिड सरांच्या डोक्यावरचा पंखा सैल झाला होता, ही गोष्ट सर्वमान्य होती. बटण दाबलं की तो हळदीतल्या पाहुण्यासारखा झुलायचा आणि सर मान आत ओढून प्रयोगवह्या तपासायचे. एक नट आवळला असता तर भागलं असतं. पण नेमकं तेव्हाच विद्यापीठाचं परिपत्रक आलं: ‘आरोग्य व सुरक्षितता ही सर्वांची सामायिक जबाबदारी आहे.’

झालं! ‘सामायिक’ शब्द वाचला आणि कार्यालयाचे अधीक्षक रामनाथ ताठ बसले. आगाशीतली त्यांची विहीर सामायिक होती. सगळ्या हिस्सेदारांचा होकार मिळेना म्हणून तिच्यातला गाळ आजोबांच्या काळापासून सुखरूप होता.

"सर, पंख्याला हात लावू नका. सामायिक म्हणजे सर्वांची संमती हवी."

"अहो, डोकं माझं एकट्याचं आहे!"

"डोकं तुमचं. सुरक्षितता सर्वांची."

सर बिचारे होकार गोळा करायला निघाले. मराठीच्या जुलियानाबाई म्हणाल्या, आमच्या खोलीत मुळात पंखाच नाही, दुसऱ्याच्या पंख्याचं आम्हांला काय कौतुक? वाणिज्य शाखेनं आपला हिस्सा वेगळा मागितला. शेवटी पात्यांची वाटणी झाली. कला, विज्ञान, वाणिज्य, एकेक पातं. विज्ञानानं आपलं पातं तेवढं आवळून घेतलं, तसा पंखा आणखीच झोके खाऊ लागला. दांडा सामायिकच राहिला. त्यातले एक हिस्सेदार, ग्रंथपाल ॲन्सेल्म, बिनपगारी रजेवर कुवेतला गेलेले.

"मग मी खुर्चीच सरकवतो," सर रडकुंडीला आले.

"खुशाल सरकवा. पण ती हक्कसोड धरली जाईल. मग धोक्यात तुमचा हिस्सा नाही आणि तक्रारीचा अधिकारही नाही."

सर पुन्हा पंख्याखालीच जाऊन बसले. घरी बायकोनं, आग्नेसनं, कपाळाला हात लावला. "तुमी शिकलात का येडे झालात?" म्हणत तिनं सोरपोतेल शिजवायचा जाड टोप त्यांच्या डोक्यावर घातला. प्राचार्य फर्डिनंड यांनी या ‘वैयक्तिक सहभागाचं’ भर सभेत कौतुक केलं आणि टोपही सामायिक करून टाकला. सकाळी सरांना, दुपारी कला शाखेला.

व्हायचं तेच झालं. भर दुपारी पंखा खाली आला. सर जमिनीवर, पंखा सरांवर.

"उचला रे कुणीतरी!"

अख्खं महाविद्यालय धावलं. कुणी हळहळलं, कुणी "आम्ही म्हणतच होतो" म्हणालं. हात मात्र कुणी लावला नाही.

"जरा कळ सोसा सर," रामनाथ अगदी कळवळून म्हणाले. "सगळ्यांचा होकार झालाय. कुवेतहून तारसुद्धा आली. आता एकच हिस्सेदार राहिलाय."

"आता आणखी कोण?" सर विव्हळले.

रामनाथांनी सरळ या पानाबाहेर बोट दाखवलं.

"हे काय, हे! पंखा झुलत होता तेव्हापासून इथंच आहेत, दात काढतायत. विचारा त्यांना, हात लावणार आहेत का?"